आसूढाळ घोडीचे आप्पा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला दोन जातींची माणसं येतात. पहिल्या जातीकडे घोडा घ्यायला पैसे असतात, पण त्याच्यापाशी दहा मिनिटं उभं राहायला वेळ नसतो. दुसऱ्या जातीकडे वेळ असतो, गोठा असतो, कडबा असतो, हौस तर सांडून चाललेली असते. नसतात ते फक्त पैसे. आप्पा दुसऱ्या जातीतले. फरक एवढाच, की त्यांच्याकडे घोडी आहे.

आप्पा हे काही एका माणसाचं नाव नव्हे. तापीच्या दोन्ही काठांना, शहादा, तळोदा, शिंदखेडा, शिरपूर कुठेही जा, चार-दोन गावांमागे एक आप्पा निघतोच. मी ज्यांच्याविषयी लिहितोय ते असे पाच-सहा आप्पा एकत्र कालवून झालेले आहेत. तरीही कोणी आपल्या आप्पांना ओळखलंच, तर दोष घोडीचा. अंगात बंडी, डोक्याला उपरणं, पायात टायरच्या चपला आणि खिशात बारा महिने दोन वस्तू: गुळाचा खडा आणि ओला रुमाल. गूळ घोड्यांसाठी. रुमालाचं पुढे सांगतो.

दोंडाईच्याहून शहाद्याच्या रस्त्याला लागलं आणि तापीचा पूल ओलांडला, की सारंगखेडा. गाव नंदुरबार जिल्ह्यातलं. हा जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला, पण यात्रा जिल्ह्याच्या कितीतरी आधीची. तीनशे वर्षांहून जुनी म्हणतात. एकमुखी दत्ताचं देऊळ, मार्गशीर्षातली पौर्णिमा, दत्तजयंती, आणि देवळापासून निघून पार शेतांपर्यंत पसरलेला घोड्यांचा बाजार. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश इथून ट्रक भरभरून घोडे येतात. अलीकडे त्याला चेतक फेस्टिव्हल म्हणतात आणि मंडपाला झुंबरं लागतात. दरवर्षी वर्तमानपत्रात एखाद्या कोटीच्या घोड्याचा फोटो असतो. हा घोडा काजू-बदाम खातो, तूप-दूध घेतो, पंख्याखाली झोपतो, आणि बहुधा विकायला आलेलाच नसतो. अमुक एवढ्याला मागितला, मालकानं दिला नाही, इथवर येऊन बातमी संपते.

आप्पांना त्या घोड्याचा अजिबात राग नाही. उलट ते रांगेत उभे राहून त्याचं दर्शन घेतात. "असू दे," म्हणतात, "त्याच्या नावानं माणसं येतात. देवळात कळस बघायला येतात, मग पायरीवरचा नारळवालाही जगतो." त्यांचा आक्षेप एकच, की त्या घोड्याला बघून परत गेलेला माणूस घरी जाऊन सांगतो, घोडा हे काही आपलं काम नाही. या एका वाक्याशी आप्पांचं जन्माचं वैर आहे.

त्यांची स्वतःची मिळकत म्हणजे दोन एकर शेत, त्यात कधी कापूस, कधी मिरची. नंदुरबारची मिरची जगप्रसिद्ध असली तरी तिचा भाव कोणाच्या डोळ्यांत पाणी आणील, खाणाऱ्याच्या की पिकवणाऱ्याच्या, ते दरवर्षी नव्यानं ठरतं. शिवाय एक म्हैस. घरखर्च शेतावर चालतो, शेताचा खर्च म्हशीवर चालतो, आणि घोडीचा खर्च कशावर चालतो हे विचारलं की आप्पा विषय बदलून शिवकाळात जातात.

"घोडदळात दोन तऱ्हेचे लोक," ते सांगतात. "एक बारगीर. त्याला घोडं सरकारातून. दुसरा शिलेदार. तो स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला जायचा. आता मला सांगा, आज बारगीर कोण नाही? घर बँकेचं, ट्रॅक्टर फायनान्सचा, फोन हप्त्यावर. या गावात शिलेदार एकच." आणि ते घोडीकडे बोट दाखवतात. घोडी रोखीची आहे. ती रोख माईंच्या बांगड्यांची होती, हा तपशील ते गाळतात आणि माई आतून मोठ्यानं भरतात.

घोडी इतक्या स्वस्तात मिळाली कशी, यातच आप्पांची सगळी विद्या आहे. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात आणि बाजारात त्या भोवऱ्यांवरून शुभाशुभ ठरतं. गळ्याशी देवमण असला की घोडा भाग्याचा. चारही पाय आणि तोंड पांढरं असलं की पंचकल्याणी, मग तर भाव विचारूच नका. पण डोळ्याखाली, आसवं ओघळावीत अशा जागी भोवरा असला, की तो आसूढाळ. असं जनावर मालकाला रडवतं म्हणतात. आप्पांची घोडी आसूढाळ आहे. यात्रेच्या शेवटच्या दिवशी, जेव्हा व्यापारी उरलेल्या घोड्यांकडे बघून परतीच्या ट्रकभाड्याचा हिशेब मनात करत असतात, तेव्हा आप्पा तिच्यापुढे उभे राहिले. व्यापारी प्रामाणिक होता, त्यानं भोवरा स्वतःच दाखवला. "मालकाला रडवेल, आप्पा."

"मालक शेतकरी आहे," आप्पा म्हणाले. "तिला वेगळं काही करावं लागणार नाही."

भाव निम्म्यावर आला. भोवऱ्यानं किंमत उतरते, चाल उतरत नाही, हे आप्पांचं अर्थशास्त्र. घोडी रेवाल चालते. पाठीवर पाण्यानं भरलेला पेला ठेवला तर सांडत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी पेला ठेवलेला पाहिला आहे. रिकामा होता. तिच्या कुळाविषयी मात्र आप्पा जपून बोलतात. बाप मारवाडी होता हे नक्की, आई कोण ते व्यापाऱ्यालाही माहीत नव्हतं. मारवाडी किंवा काठेवाडी घोड्याचे कान आत वळून टोकाला टोक भिडतात, ही त्या रक्ताची खूण. आप्पांच्या घोडीचा डावा कान नियमाप्रमाणे वळतो. उजवा सरळ गावरान उभा राहतो. "एक कान बापाचा, एक आईचा," आप्पा म्हणतात. "कोणाला नाराज केलं नाही तिनं."

आसूढाळपणाचा एक तोटा मात्र झाला. खान्देशात नवरदेव घोड्यावरून निघतो आणि लग्नसराईत एखाददुसरी सुपारी मिळाली तरी घोडीचा वर्षाचा हरभरा सुटतो. पण ज्या घोडीवर मालकाला रडवण्याचा आरोप, तिच्यावर नवरदेव बसवणार कोण? झूल, गोंडे, आरसे लावले की भोवरा सहज झाकता येतो. तसा सल्लाही पुष्कळांनी दिला. आप्पा नवरदेवाच्या बापाला स्वतः भोवरा दाखवतात आणि सुपारी घालवून घरी येतात. माई त्यांना हरिश्चंद्र म्हणतात, आणि त्यात कौतुकाचा भाग थोडा असतो. शेवटी गिऱ्हाईक मिळालं ते घरच्यांशी भांडून नोंदणी पद्धतीनं लग्न केलेल्या एका जोडप्याचं. ज्यांनी पत्रिकाच पाहिली नाही त्यांना भोवरा काय करणार? त्यांचा संसार उत्तम चालला आहे. आता आप्पांकडे अशाच लग्नांच्या सुपाऱ्या येतात आणि घोडीला पुरोगामी चळवळीत थोडंफार स्थान मिळालं आहे.

माईंचा आणि घोडीचा वाद जुना आहे. एकदा मी समोर बसलो असतानाच त्यांनी आप्पांना विचारलं, "म्हैस दूध देस. घोडी काय देस?"

आप्पा जरा विचार करून म्हणाले, "सकाय देस." म्हणजे पहाटे उठायला लावते.

"सकाय तं कोंबडा बी देस," माई म्हणाल्या. "तो खास कितला?"

खाण्याचा प्रश्न खरा आहे, आणि आप्पांकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या उमेदवाराची पारख ते याच प्रश्नावर करतात. उमेदवार पुष्कळ येतात. बारा महिने येतात. कॉलेजातली पोरं, पपईत दोन पैसे मिळालेला शेतकरी, जिल्हा परिषदेचे गुरुजी, लष्करातून निवृत्त होऊन आलेला एखादा हवालदार. सगळ्यांनी कुठेतरी घोडा पाहिलेला असतो आणि झोप उडालेली असते. आप्पा त्यांना ओट्यावर बसवतात, चहा देतात आणि काही बोलत नाहीत. आलेला माणूस घोडीकडे बघून पहिला प्रश्न कोणता विचारतो, याकडे त्यांचे कान असतात. "कितलानी लिधी?" असं विचारलं, म्हणजे कितीला घेतली, तर चहा संपेपर्यंत पाहुणचार. "काय खास?" असं विचारलं, म्हणजे काय खाते, तर तो माणूस आपला.

मग आप्पा वही काढतात. शाळेची शंभर पानी वही, मुखपृष्ठावर कोणत्या तरी नटाचा चेहरा. साधारण साडेतीनशे-चारशे किलोच्या घोड्याला रोज सात-आठ किलो सुका चारा लागतो. ज्वारीचा कडबा, हरभऱ्याचं भूस, मिळाली तर लसूणघास. काम असेल तर वर खुराक. पाणी तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. सहा ते आठ आठवड्यांनी खुरं कापायची, चालवत असाल तर नालबंद बोलवायचा. जंताचं औषध. धनुर्वाताची लस, कारण घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, एक खिळा पुरतो. हे सगळं बारा महिने, घोडी चालो की उभी राहो. उमेदवार घोड्याच्या किमतीचे आकडे मनात घोळवत आलेला असतो. आप्पा त्याला दाखवतात की किंमत एकदाच द्यायची असते, पण तिचं तोंड रोज उघडतं. इथे निम्मे उमेदवार "घरी विचारून येतो" म्हणून उठतात. आप्पा त्यांना निरोपाचा गूळ देतात. त्यांच्याविषयी वाईट बोलत नाहीत. "घोड्याचं कल्याण झालं," एवढंच म्हणतात.

उरलेल्यांना ते सांगतात, "वर्षभर घोडा घ्यायचा नाही."

हे ऐकून पोरं चक्रावतात. घोडा घ्या म्हणून गावभर प्रचार करणारा माणूस, आणि प्रत्यक्ष घ्यायला निघालं की पाय धरून ठेवतो. पण आप्पांचा क्रमच तसा आहे. पहिलं वर्ष लीद काढायची. पहाटे पाचला यायचं, पागा झाडायची, खरारा करायचा, तोबरा बांधायचा, पाणी दाखवायचं. पागा म्हणजे घराच्या मागं चार बल्ल्यांवर टाकलेले पत्रे आणि उसाच्या पाचटाचा आडोसा, पण आप्पा त्याला पागाच म्हणतात आणि आत जाताना वाकतात. वाकावंच लागतं. या उमेदवारीत शहाद्याच्या कॉलेजातला एक पोरगा आठव्या दिवशी विचारता झाला, "आप्पा, बसायचं कधी?"

"तुला कशाला बसायचंय? तिला तुझ्याखाली चालायचंय का, ते आधी बघू."

तो पोरगा टिकला. त्याला पहाटे उठताना पाहून त्याच्या आईनं आप्पांना एक पायली हरभरा पाठवला, घोडीसाठी. आप्पांचा खुराकाचा प्रश्न पुष्कळसा अशा कृतज्ञ आयांनी सोडवलेला आहे. लिदीवरही त्यांनी अर्थव्यवस्था उभी केली आहे: एक पपईवाला खत म्हणून लीद नेतो आणि बदल्यात बांधावरची लसूणघास देतो. उमेदवार फुकट राबतात, त्यांच्या आया हरभरा देतात, पपईवाला चारा देतो. हे सगळं ऐकून मी एकदा म्हटलं, "आप्पा, हे तर सहकारी तत्त्व झालं." ते दुखावले. "सहकारी म्हणजे अध्यक्ष आला," म्हणाले.

काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही, याविषयी त्यांचे नियम कडक आहेत. खोगीर गोधडीचं चालेल. त्यांचं आहे, माईंच्या दोन जुन्या लुगड्यांचं, खाली गोणपाट. रिकिबी दोन वेगवेगळ्या चालतील. त्यांच्या आहेत, एक पितळी आणि एक लोखंडी, त्यामुळे ते किंचित डावीकडे कललेले दिसतात. पण लगामाची कडी नवी आणि गुळगुळीतच हवी. "जे तिच्या तोंडात जातं त्यात पैसे वाचवायचे नाहीत. आणि सुईत नाही." गावातल्या पाच घरांत मिळून एकच चांगलं चामड्याचं खोगीर आहे, आप्पांच्या पुढाकारानं वर्गणीतून घेतलेलं. पाचही घरांना ते पोळ्याच्या दिवशी हवं असतं. म्हणून पोळ्याला बैल मिरवतात आणि पाच घोडेस्वार खोगिरावरून भांडतात.

ज्याला एकट्याला घोडा झेपत नाही त्याला आप्पा निम्म्या वाट्यानं घ्यायला सांगतात. दोघांत एक घोडी. चारा एकाचा, गोठा दुसऱ्याचा. घोडीचे दिवस अकरा महिन्यांचे. पहिलं शिंगरू एकाचं, दुसरं दुसऱ्याचं, तोवर दोन्ही घरांना समजलेलं असतं की आपल्याला घोडा हवा होता की घोड्याचा फोटो. गायी-म्हशी, शेळ्या वाट्यानं देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आप्पांनी ती घोड्याला लावली. एका जोडीत मात्र घोडीचं तोंड कुणाचं आणि शेपूट कुणाचं यावर वाद गेला. आप्पांनी निकाल दिला: ज्याच्याकडे तोंड त्यानं खायला घालायचं, ज्याच्याकडे शेपूट त्यानं लीद काढायची, दर सोमवारी बाजू बदलायची. वाद दुसऱ्या सोमवारी मिटला.

यात्रेच्या दिवसांत आप्पा वेगळेच होतात. वर्ष पूर्ण केलेल्या उमेदवाराला घेऊन ते बाजारात शिरतात आणि त्यांच्या चालीत एकदम रेवाल उतरते. सकाळी लवकर जायचं, हा पहिला नियम. रात्रभर पळवून दमवलेला घोडा दहा वाजता गरीब गायीसारखा उभा असतो. पहाटे थंड अंगानं उभा असलेला घोडा काय आहे ते खरं सांगतो. आधी लांबून बघायचं, तो खातो कसा. लीद बघायची. मग डोळ्यापुढून हात फिरवायचा, दिसतं की नाही. चारही पाय उचलून बघायचे. मऊ मातीवर नाही, कडक जमिनीवर लहान फेऱ्यात चालवायला सांगायचं. लंगडेपणा मातीत लपतो, दगडावर बोलतो. मग दात. खालच्या जबड्यातले पुढचे सहा दात जोडीजोडीनं पडून नवे येतात. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास, तिच्या बाजूची साडेतीनला, कडेची साडेचारला. त्यापुढचं वय दातांच्या झिजेवरून अंदाजानं. व्यापाऱ्यानं पाच वर्षं सांगितलं आणि दात नऊ सांगत असले, तर दातांवर विश्वास ठेवायचा, पण व्यापाऱ्याला तसं म्हणायचं नाही. "त्याला म्हणायचं, घोडा शहाणा दिसतो, वयाच्या मानानं."

आता ओला रुमाल. गर्दी पाहून आप्पा घोड्याच्या मानेवर प्रेमानं थोपटतात, गूळ चारतात, आणि थोपटता थोपटता रुमाल फिरवतात. मग रुमाल उघडून उमेदवाराला दाखवतात. एकदा रुमाल काळा निघाला. घोडा मुश्की काळा म्हणून उभा होता, खाली बदामी होता. व्यापाऱ्याशी त्यांचं भांडण झालं नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, व्यापाऱ्यानं चहा मागवला आणि आप्पांच्या उमेदवाराला शेजारचा एक खरा घोडा खऱ्या भावात दाखवला. आप्पांची बाजारात पत आहे ती अशी. ते काही विकत घेत नाहीत, पण त्यांनी बघितलेला घोडा घ्यायला लोक येतात. व्यापारी त्यांना दलाली द्यायला बघतात. आप्पा घेत नाहीत. खरारा घेतात.

पहिला घोडा कोणता घ्यावा, यावर त्यांचं मत ठाम आहे: उंच, देखणा, तापट घोडा नवशिक्यानं घेऊ नये. पांढरा नुकरा लग्नात शोभतो, पण त्याला धुता धुता मालक काळा पडतो. वय झालेली, शांत, पुष्कळ माणसं पाठीवरून उतरवून झालेली घोडी घ्यावी. ती मालकाला शिकवते. आणि बुटकं दख्खनी तट्टू मिळालं तर सोन्याहून पिवळं. भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी घोड्याचं नाव काढलं की आप्पा ताठ बसतात. मराठ्यांचं घोडदळ ज्या काटक, कमी खाणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या जनावरांवर चाललं, ती ही जात. अलीकडे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या यंत्रणेनं तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, तेव्हा आप्पांनी गावात पेढे वाटले. "तुमच्याकडे भीमथडी आहे का?" मी विचारलं. "नाही. पण शेजाऱ्याच्या पोराला नोकरी लागली तर आपण पेढे खातो ना?"

सगळे उमेदवार मात्र शिकायलाच येतात असं नाही. धडगावकडचा एक पावरा मुलगा एकदा आला. त्याच्या घरी सातपुड्याच्या चढावर ओझं वाहणारं तट्टू होतं. आप्पांनी सवयीनं वही काढली. मुलानं घोडीच्या पायावरून हात फिरवला आणि म्हणाला, "हिचा उजवा पुढचा पाय गरम आहे. आज चालवू नका." आप्पांनी वही मिटली आणि त्याला विचारलं, दादा, तुमच्याकडे पावसाळ्यात खुरांना काय लावतात? दुपारपर्यंत आप्पा विचारत होते, मुलगा सांगत होता. आपल्याहून निम्म्या वयाच्या माणसाला दादा म्हणताना त्यांना मी तेव्हाच पाहिलं.

गुरुजींचा किस्सा तालुक्यात सर्वांना पाठ आहे. तळोद्याकडच्या एका गुरुजींनी आप्पांची उमेदवारी पूर्ण करून एक म्हातारी घोडी घेतली. एका रात्री अकराला त्यांचा आनंदानं फोन आला: "आप्पा, घोडी खुशीत आहे. सारखी लोळते आहे. लोळताना पोटाकडे बघते."

आप्पा सायकलीवर टांग टाकून निघाले. घोडी दारात असताना सायकल का, असं कोणी तरी वाटेत विचारलं. "रात्रपाळी नाही तिची." घोड्याला उलटी होत नाही, त्याची रचनाच तशी. पोटात गेलं ते एकाच दिशेनं जाणार; अडलं की शूळ, आणि शूळ जीव घेतो. गुरुजींनी प्रेमानं लग्नातल्या उरलेल्या पुऱ्या टोपलीभर घातल्या होत्या. आप्पांनी आधी डॉक्टरांना फोन लावला, समोरची टोपली उचलली आणि गुरुजींच्या हातात दोर दिला: चालवा, हळूहळू, लोळू देऊ नका. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं, हे कोडं गुरुजी बावीस वर्षं वर्गात घालत आले होते. न फिरवल्यामुळे, हे उत्तर त्यांनी त्या रात्री पायांनी लिहिलं. पहाटे पशुवैद्यक आले, नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं, आणि सूर्य उगवता उगवता घोडीनं लीद टाकली. लीद पाहून एवढ्या आनंदानं रडलेला शिक्षक जिल्ह्यात दुसरा नसावा. आता त्यांच्या वर्गातल्या मुलांना माणसाची पचनसंस्था यथातथाच येते, पण घोड्याला पित्ताशय नसतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मी एकदा आप्पांना पशुगणनेचे आकडे वाचून दाखवले. 2012 साली देशात घोडे आणि तट्टू मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होते. 2019 साली साडेतीन लाखांच्याही आत. सात वर्षांत जवळजवळ निम्मे. टांगे गेले, ओझी गेली, गाडीरस्ते आले. मला वाटलं आप्पा हळहळतील. ते म्हणाले, "त्यात माझी एक धरली होती का?" मग बोटांवर मोजू लागले: गुरुजींची एक, पपईवाल्याची एक, त्या दोन वाटेकऱ्यांची निम्मी-निम्मी मिळून एक, कॉलेजच्या पोराचं शिंगरू. सरकारच्या तोट्यातून ते आपले घोडे वजा करत होते.

कोटीच्या घोड्यानं यात्रा गाजते, हे मान्य. पण तो मेला तर दुसऱ्या कोटीवाल्याकडून दुसरा येईल. पाचटाच्या आडोशाला बांधलेली, एक कान उभा असलेली घोडी ज्या दिवशी गावातून जाईल त्या दिवशी नालबंदही फेरीवर यायचा थांबेल, खोगीर शिवणारा चपला शिवायला लागेल, आणि मग कोटीच्या घोड्याला नाल ठोकायला माणूस शोधावा लागेल. हे माझं मत. आप्पा इतकं लांबचं बोलत नाहीत. ते फक्त पुढच्या उमेदवाराला खरारा देतात.

यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाणार असाल तर जरूर जा. पौर्णिमा बहुतेक वेळा डिसेंबरात येते, नदीकाठी पहाटे थंडी असते, स्वेटर न्या. पैसे नेऊ नका. झुंबरांचा मंडप बघून झाला की बाजाराच्या कडेला, जिथं गवताचे भारे उतरवतात तिथं जा. तिथं ओला रुमाल हातात घेतलेला, जरा डावीकडे कललेला एखादा माणूस दिसेल. त्याला घोडीची किंमत विचारू नका. काय खाते ते विचारा, आणि उत्तर ऐकायला दोन तास मोकळे ठेवा.